गलबताच्या फळ्यांची बाज

मी तांडेल होतो, सुतार नव्हतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला कपाळाला हात लावावासा वाटला तर त्याने खुशाल लावावा. मीही लावला आहे.

बावीस वर्षं मी एकाच मालकाचं गलबत चालवलं. मंगळूरकडून कौलं आणायची, इथून नारळ-सुपारी न्यायची, मुंबईहून भुसार घेऊन यायचं. पन्नास सालानंतर मालमोटारी वाढल्या आणि गलबताला कुणी विचारेना. दोन मोसम ते नुसतं रेडीच्या बंदरात उभं राहिलं, तिसऱ्या मोसमात मालकाने ते वाळूवर ओढून मोडायला घेतलं. मोडणारे लोक तांब्याचे खिळे वेगळे काढत होते, लोखंड वेगळं टाकत होते. मी तिथे काहीही काम नसताना रोज जाऊन उभा राहायचो. शेवटी मालकालाच माझी दया आली असावी. म्हणाला, "तुका काय होया ता ने रे." मी वरच्या बाजूच्या आठ फळ्या मागून घेतल्या. सागवानी, उन्हापावसाने काळ्या पडलेल्या. बैलगाडीत घालून आरोंद्याला घरी आणल्या आणि मागच्या मांगरात, जिथे लाकूडफाटा आणि शेणी ठेवायचो त्या खोपटात, भिंतीला टेकवून ठेवल्या. कशाला आणल्या म्हणून कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

घरात मी एकटा. मुलगी नऊ वर्षांची असताना बायको गेली. माझ्या आईने नातीला वाढवली, तिच्या लग्नापर्यंत जीव धरून राहिली आणि मग तीही गेली. मुलगी दिली होती घाटाच्या पायथ्याच्या एका गावात. भात आणि काजू पिकवणारी माणसं, समुद्राचं नाव काढलं की थोडी अंग चोरून बसणारी, पण घर भरलेलं. सासू, जावा, नणंदा, पोरं, गुरं. मी तिला भेटायला जायचो तेव्हा ओसरीवर बसून नुसता आवाज ऐकायचो. माझ्या घरी आवाज करायला मीच काय तो होतो आणि मला एकट्याने बोलायची सवय नव्हती. एका माणसापुरता भात किती टाकायचा हेही मला वर्षभर जमलं नाही. गलबतावर आम्ही अकरा जण जेवायचो. उरलेला भात मी कोंबड्यांना घालायचो. त्या चांगल्या माजल्या होत्या.

अशात जावयाचं कार्ड आलं की मुलीला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमच्याकडची रीत. पण घरात बाईमाणूस नाही, तेव्हा तिच्या सासरच्यांच्या मनात चलबिचल होती. मी जाऊन निक्षून सांगितलं की पोर माझी, पहिलं बाळंतपण माझ्या घरी होणार. आई नसली म्हणून तिचं माहेर मोडलं नाही. जरा जोरातच बोललो. वाऱ्यात ओरडून ओरडून आमचा आवाजच तसा झालेला असतो. विहीणबाई म्हणाल्या, "बरां. सातव्यात मी स्वता पोचवक येतंय."

परत येताना गाडीतच माझ्या डोक्यात त्या फळ्या आल्या. बाळंतिणीसाठी नवी बाज करायची. बाजारची काथ्याची नाही. ज्या लाकडाने मला बावीस वर्षं पाण्यावर सांभाळलं त्याच लाकडाची. मला तो विचार इतका आवडला की घरी पोचेपर्यंत मी दोनदा मोठ्याने हसलो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने आपली पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

आमच्या वाडीत माझ्याच वयाचा एक सुतार होता. त्याने पाय आणि चौकट करून दिली. पाय पाचर मारून बसवायचे, काढायचे झाले तर सुटे निघतील असे. बाकीचं मी म्हटलं मीच करतो. फळ्यांतले गंजलेले खिळे उपटले, भोकांत लाकडाच्या खुंट्या मारल्या. दोन फळ्यांमध्ये फट दिसली की माझा जीव वरखाली व्हायचा. गलबतावर फट म्हणजे मरण. मी प्रत्येक फटीत कापसाची वळी ठोकून बसवली आणि वरून राळ वितळवून ओतली. मग मोरीचं तेल आणलं. मोरी म्हणजे ते मोठे दातेरी मासे. त्यांच्या काळजाचं तेल काढतात आणि दर मोसमाला गलबताला पाजतात. त्यासारखं लाकडाला दुसरं काही नाही, हे मला आजही मान्य आहे. मी तीन हात तेल दिलं. लाकूड कसं काळंभोर चमकायला लागलं. सुतार येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अरे, ही बाज आसा की पडाव? वल्ही खंय लावतलंस?"

मी म्हटलं, "तू तुझां काम कर."

पुढे काय झालं ते कुणाही बाईच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. त्याचा शेक खालून अंगाला लागायला हवा, म्हणून बाज काथ्याची विणलेली असते. माझ्या बाजेतून शेक काय, पाण्याचा थेंब जायची सोय नव्हती. मुलगी जन्मली तेव्हा मी कारवारच्या पुढे कुठेतरी होतो. बाळंतिणीची खोली मी उभ्या आयुष्यात आतून बघितली नव्हती.

सातव्या महिन्यात दोघी आल्या. मी अंगण सारवून घेतलं होतं, सुईणीला आणि शेजारणीला सांगून ठेवलं होतं, पाण्याचा मोठा हंडा घासून लखलखीत केला होता. मुलगी गाडीतून उतरली तीच पांढरीफटक. घरात आली, बाजेजवळ गेली, हात लावला, आणि तोंडावर पदर धरून मागल्या दारी पळाली. तिच्या ओकाऱ्यांचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता.

विहीणबाईंनी नाकाला लुगडं लावलं. "ह्यो वास कसलो?"

"मोरीच्या तेलाचो," मी म्हटलं.

"ह्या वासात बाळंतिणीक चाळीस दिस निजवतलास? आणि खालसून शेक कसो लागतलो? हिका फट खंय आसा?" त्यांनी वाकून बाजेच्या खाली बघितलं, बोटाने राळ टोकरली आणि मग त्यांना हसू आवरेना. वाईट बाई नव्हत्या त्या. पण हसल्या. मी चाळीस माणसांसमोर तोंडघशी पडलो असतो तरी इतकं लागलं नसतं. त्यात मुलगी परत येऊन दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, बाज बाहेर काढा बाबा, मी खाली चटईवर निजेन. ती काही बोलली नाही. सासूने विचारलं, "चलतंस माघारी?" तिने हो म्हणून मान हलवली.

चहासुद्धा न घेता दोघी दुपारच्या गाडीने परत गेल्या. मी गाडीपर्यंत पोचवायला गेलो नाही. रागाने माझं डोकं फिरलं होतं. बाज उचलून मांगराच्या बाहेर उघड्यावर फेकली आणि म्हटलं, सड आता. मुलीला मुलगा झाल्याचं कार्ड दोन-अडीच महिन्यांनी आलं. बारशाचं बोलावणंही आलं. मी गेलो नाही. घरात बसून राहिलो आणि मनाशी म्हणत राहिलो की नाही गेलो तेच बरं झालं. माझ्या हट्टीपणाचं मला त्या वेळी केवढं कौतुक होतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पावसाळाभर बाज भिजत पडली. एकदा चार दिवस उघडीप मिळाली आणि कडक ऊन पडलं तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं. फळ्यांवर पांढरं काहीतरी फुललं होतं. बोट लावून चाटलं, तर मीठ. इतकी वर्षं लाकडाच्या पोटात मुरलेलं मीठ पावसाने बाहेर ओढून काढलं होतं. मी तिथेच चिखलात उकिडवा बसलो. मला वाटलं, मीठ निघू शकतं तर वासही निघेल. वास निघाला तर पोर येईल. नातू घेऊन येईल. त्याच दिवशी मी पाचरी ठोकून पाय सुटे केले.

त्यानंतर दीड-दोन वर्षं मी दुसरं काही केलं असं मला आठवत नाही. वाडीच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्याचा व्हाळ वाहतो. त्यात फळ्या आडव्या टाकल्या, वर दगड ठेवले. रोज सकाळी जाऊन त्यांची कूस बदलायची. होळी आली तशी त्या बाहेर काढल्या आणि सावलीत वाळवल्या. उन्हात वाळवल्या तर लाकूड तडकतं. फटींतला कापूस आकडीने ओढून काढला, राळ गरम कोयत्याने खरवडली. मग राखेचं पाणी, मग रिठ्याचं पाणी, नारळाच्या सोडणाच्या कुच्याने घासणं. तेलाचा काळा थर साबणासारखा फेसाळून वाहायचा, वाळला की खालून परत तसाच काळा. सुतार म्हणाला, असं निघायचं नाही, काचेने तास. फुटक्या बाटलीची काच आडवी धरून ओढली की कागदासारखी पातळ साल निघते. बोटं कापून घ्यायला मी लगेच शिकलो, साल काढायला महिना लागला. शेवटी खरवताची पानं. आमच्या रानात होतात, मांजराच्या जिभेसारखी खरखरीत. ती ओली करून लाकडावर चोळली की हात फिरवावा असं मऊ होतं. एका फळीला टोपलीभर पानं लागायची आणि दोन दिवसांनी ती बोथट व्हायची. मी रानात जाऊन पुन्हा आणायचो.

एक अडचण मात्र अशी होती की मला वासच येत नव्हता. मोरीच्या तेलात आयुष्य गेलेलं, त्या वासाला माझं नाक केव्हाच मेलं होतं. मग दुसऱ्यांची नाकं आणायची कुठून? मी अंगणात फळी घेऊन बसायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचो, "जरा हय ये रे, वास येता काय बघ." पोस्टमन आला की आधी फळी हुंगायचा आणि मग सांगायचा की पत्र नाही. शेजारीण हुंगायची, तिच्या घरी आलेले पाहुणे हुंगायचे. मुलं लांबून ओरडायची. गावात माझं हसं झालं होतं, मला ते कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्या निमित्ताने दिवसातून दोन-तीन माणसं माझ्याशी बोलायची. ज्या दिवशी कुणी फिरकायचं नाही त्या दिवशी मी फळी तिन्हीसांजेपर्यंत मांडीवर घेऊन बसायचो. मग आत नेऊन ठेवायचो आणि दिवा लावायचो.

"येता," पहिल्या वर्षी सगळे म्हणायचे. "येता हो, पण जरासोच," असं दुसऱ्या वर्षी म्हणायला लागले. एके दिवशी पोस्टमनने फळीला नाक लावलं, पालथी करून पुन्हा लावलं आणि म्हणाला, "लाकडाचो वास येता." मी त्याला गूळपाणी दिलं. तो निघून गेल्यावर मला रडू आलं. इतका मूर्खपणा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

मग मधाचं मेण पातळ करून फडक्याने लावलं. फळीशेजारी फळी ठेवून बाज जुळवली, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट सोडून. तांडेलाच्या हाताने मुद्दाम फट सोडायची म्हणजे काय ते तांडेलालाच कळेल. मी खाली शेगडी ठेवून वर स्वतः आडवा झालो. पाठीला शेक छान लागत होता.

आता मुलीला कार्ड टाकायचं. काय लिहायचं? चार कार्डं फाडली. शेवटी लिहिलं की बाज स्वच्छ केली आहे, वास नाही, फटी ठेवल्या आहेत, ये. महिन्याभराने जावयाच्या अक्षरात उत्तर आलं. तिला पुन्हा दिवस गेले आहेत, दुसरं बाळंतपण इकडेच करायचं ठरलं आहे, आपणास काळजी नसावी. मी ते कार्ड कितीदा वाचलं असेन. त्यात चूक काही नव्हती. दुसऱ्याला माहेरी यायची रीत नाही.

तिसऱ्या दिवशी बाज सुटी केली, फळ्यांचा भारा काथ्याच्या दोरीने बांधला आणि यष्टीच्या टपावर चढवला. कंडक्टर कुरकुरला. मी त्याला म्हटलं की ही बाळंतिणीची बाज आहे, खाली ठेवायला सांगितलंस तर तुझ्या गाडीपुढे आडवा पडेन. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दोरी नीट बांधायला स्वतः वर चढला.

विहीणबाईंच्या खळ्यात मी सगळ्यांसमोर पाचरी ठोकून बाज उभी केली. अडीच वर्षांचा नातू मुलीच्या जावेच्या मागे लपून बघत होता. त्याने मला पहिल्यांदाच बघितलं होतं. विहीणबाई पुढे आल्या, वाकल्या, फळीला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मग आतून निखारे मागवले, शेगडी खाली सरकवली आणि फटीवर तळहात धरून उभ्या राहिल्या.

"बरी केलास," त्या म्हणाल्या. "आमच्या हय अशी कोणाकडे नाय." आणि लगेच दोन गड्यांना हाक मारून बाज आत न्यायला सांगितली. मला वाटलं होतं मी फुशारून जाईन. मला नुसतं दमल्यासारखं वाटलं.

जेवण झालं. शेवटच्या गाडीच्या वेळेला मुलगी मला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. सातवा लागला होता, सावकाश चालत होती. आंब्याखाली आम्ही दोघं थांबलो. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाबा, त्या वेळाक माका वासान ओकारी येवक नव्हती. गाडीत पोट ढवळलेलां."

"मगे?"

"माका भ्या वाटलां. घरात बायलमाणूस कोण नाय. कळा येवक लागल्यो असत्यो तर तुमका हाक मारून काय सांगतलंय? घरात पाय ठेवलंय आणि असां वाटलां की हय मी मरतलंय. सासूबाय वासाचां बोलली, माका बरांच झालां. मी गप रवलंय." तिने मान वर केली नाही. "तुमी इतकी वर्सां घासत बसलास ता ऐकलंय. माका सांगूचो धीर झालो नाय."

मला काय वाटलं ते सांगतो. आधी राग आला. दोन वर्षं कापून घेतलेली बोटं डोळ्यांपुढे उभी राहिली. मग तिच्याकडे बघितलं. ती माझ्या समोर उभी होती, एवढं मोठं पोट घेऊन, आणि नऊ वर्षांची असताना उभी राहायची तशीच, अंगठ्याने माती उकरत.

"बरां केलंस," मी म्हटलं. "तुका बाया होयो होत्यो. थंय गेलंस ता बरां केलंस."

"रागावलास?"

"नाय गो."

गाडी आली. मी चढलो आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. टपावर आता माझं काही नव्हतं. सावंतवाडी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घरात बाई नाही हे मला कुणी सांगायला हवं होतं का? त्या घरात मीच तर राहत होतो. तिने पहिल्या खेपेला मान हलवली तेव्हा मी जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला असता आणि म्हटलं असतं, तुका भ्या वाटता काय गो, तर तिने तेव्हाच सांगितलं असतं. ती खोटं बोलणारी पोर नव्हती.